स्वस्तातली रोड बाइक आणि घरची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पुण्याच्या घरात हॉलमध्ये झोपाळ्याच्या दोन कड्या आहेत. मुलगी शिकायला बाहेर गेली, झोपाळा माळ्यावर गेला, आणि तेव्हापासून कड्यांना नायलॉनच्या दोरीनं सायकल टांगलेली असते. घरच्यांनी त्यावर बोलायचंही आता सोडून दिलंय. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी चहाला थांबलं की नव्यानं रोड बाइक घेतलेलं कुणी ना कुणी भेटतंच, आणि प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एकत्र केलेत. सायकल म्हणजे तीस-चाळीस हजारांच्या आतली : ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे दोन दातेरी चकत्या, मागे सात किंवा आठ गिअर, रिमवर दाबणारे ब्रेक.

सायकल महिन्याभराची आहे, तरी गिअर खटखट करायला लागलेत. फसलो का?

नाही. नव्या सायकलीची केबल पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत जागेवर बसते. बाहेरच्या नळीची टोकं आपापल्या खोबणीत घट्ट रुततात, त्यामुळे आतली तार किंचित सैल पडते. शिमानो या कंपनीच्या आठ गिअरच्या संचात शेजारच्या दोन चकत्यांच्या मध्यांमधलं अंतर ४.८ मिमी असतं. तार एक मिलिमीटर जरी सैल झाली तरी चेन कुठे थांबायचं ते विसरते. म्हणूनच बहुतेक दुकानदार पहिली सर्व्हिस फुकट देतात. ती जरूर घ्या, पण मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून घ्या. तो काय फिरवतो ते बघण्यासारखं असतं.

हत्यारं काय काय घेऊ?

सुरुवातीला थोडीच. ॲलन कीचा सेट (४, ५ आणि ६ मिमीवर ऐंशी टक्के काम होतं), चांगल्या टोकाचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, दोन-तीन प्लास्टिकचे टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या), १५ मिमीचा पाना, आणि गेज असलेला उभा पंप. पंपावर कंजुषी करू नका, बाकी कुठेही करा. चेन तोडायचं हत्यार, स्पोकची चावी आणि केबल कापायचा कटर गरज पडेल तेव्हा घ्या. साध्या पकडीनं केबल कापली तर टोकाची तार विस्कटते, नळीत जात नाही, आणि बोटात मात्र नक्की घुसते.

स्टँड विकत घ्यायची घाई नको. मागचं चाक हवेत राहिलं आणि पायडल फिरवता आलं की झालं. झोपाळ्याची कडी नसेल तर सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी करा, खाली जुनी सतरंजी घाला.

टायरमध्ये हवा किती?

अंगठ्यानं दाबून बघायची सवय सोडा. रोड बाइकचा टायर ५० पीएसआयलाही (हे हवेच्या दाबाचं एकक) दगडासारखा लागतो आणि ९० लाही. साठ-सत्तर किलोच्या माणसाला २५ मिमी टायरमध्ये पुढे ७५ ते ८० आणि मागे ८५ ते ९० हा सुरुवातीचा आकडा ठीक आहे. टायर २८ मिमी असेल तर दोन्हीकडे दहा-पंधरानं कमी. टायरच्या कडेला कमाल आकडा छापलेला असतो, तो ओलांडायचा नाही. पण तिथवर भरलाच पाहिजे असंही नाही. आपल्या रस्त्यांवर फार कडक टायर म्हणजे मनगटं आणि कंबर यांच्याशी वैर.

पातळ ट्यूबमधून हवा आपोआप झिरपते. आठवड्यातून एकदा तरी पंप लावा, मी दर वेळी निघण्याआधी लावतो.

कोपऱ्यावरचे पंक्चरवाले हवाच भरून देत नाहीत.

त्यांचा दोष नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकांनी व्हॉल्व्हकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "दादा, ह्याचं तोंड कुठाय?" रोड बाइकच्या बारीक व्हॉल्व्हला प्रेस्टा म्हणतात. टोकावरची इवलीशी नटी आधी सैल करायची, बोटानं एकदा दाबून फुस्स करायची, मग पंप लावायचा. भरून झालं की नटी परत बंद. मोटरसायकलचा व्हॉल्व्ह वेगळा असतो. त्याचा पंप चालावा म्हणून पितळी अडॅप्टर मिळतो, अगदी किरकोळ किमतीत. मी एक कायम व्हॉल्व्हवरच बसवून ठेवलाय. मात्र कॉम्प्रेसरनं हवा भरताना जपून. एवढ्याशा ट्यूबमध्ये दोन सेकंदांत नको तेवढी हवा जाते.

पंक्चर सारखं सारखं होतंय, एकाच जागी.

मग काटा अजून टायरमध्येच आहे. ट्यूब बदलून टायरच्या आत हात न फिरवता चाक बसवणं ही सगळ्यांची पहिली चूक. बाभळीच्या काट्याचं टोक आत मोडतं आणि बाहेरून दिसत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस जिथे अडकेल तिथे काटा किंवा तारेचा तुकडा असतो. सरळ बोट फिरवलंत तर तुम्हीच अडकाल.

ट्यूबवर शेजारी शेजारी दोन छोटी भोकं दिसली, साप चावल्यासारखी, तर तो काटा नव्हे. हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपली. भोक आतल्या बाजूला, म्हणजे स्पोककडे असेल, तर रिममधली पट्टी सरकली असेल. तीही बघा.

पॅच लावताना सोल्युशन लावून लगेच चिकटवू नका. ओलसर चमक जाईपर्यंत थांबा. चार-पाच मिनिटं जातात, तेवढ्यात टायर तपासून होतो. आणि टायर चढवताना शेवटचा टप्पा लिव्हरनं नव्हे, अंगठ्यांनी. लिव्हरनं चढवलेल्या टायरखाली नवीन ट्यूब चिमटली जाते आणि आपण परत पहिल्या पानावर.

चेनला कोणतं तेल? घरातलं चालेल का?

खोबरेल नको. ते चोवीसएक अंशाखाली गोठतं, डिसेंबरच्या सकाळी चेनवर मेण चढल्यासारखं होतं. गाडीचं इंजिन ऑइल नको, धूळ ओढून घेतं आणि आठवड्यात काळी पेस्ट तयार. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, पण पातळ असल्यानं टिकत नाही. गंज सोडवायचा जो निळा-पिवळा स्प्रे प्रत्येक घरात असतो तो पाणी घालवायला आणि साफसफाईला चांगला, पण ते चेनचं तेल नव्हे. सायकलच्या चेनचं तेल वेगळं मिळतं. एक बाटली वर्षभर पुरते.

तेलापेक्षा पद्धत महत्त्वाची. आधी चेन पुसा. जुना बनियन हातात घ्या, खालच्या बाजूनं चेन पकडा आणि पायडल उलटं फिरवत राहा. बनियनवर काळी रेघ पुसट होईपर्यंत. चेन फारच राड असेल तर ब्रश आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल, मग कोरडी. आता प्रत्येक रोलरवर एकच थेंब. सव्वाशेच्या आत कड्या असतात, पाच मिनिटांचं काम. पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा, आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. तेल लागतं ते पिनेच्या आत. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ जमवतं आणि पँट खराब करतं.

स्प्रे मारायचा मोह होतो. मी एकदा मारला, तो मागच्या रिमवर उडाला, आणि बोपदेव घाट उतरताना मागचा ब्रेक दाबला तर नुसता गुळगुळीत. पुढचा होता म्हणून थांबलो. तेव्हापासून बाटली आणि थेंब.

चेन बदलायची वेळ झाली हे कसं कळतं?

बारा इंची स्टीलची पट्टी घ्या. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून (ती न मोजता) चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते, कारण दर पिनेत अर्धा इंच असतो. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. चोविसावी पिन बारा इंचांच्या पुढे सोळांश इंच गेली की चेन बदला. अष्टमांश गेली असेल तर उशीर झाला, मागच्या चकत्याही बहुधा झिजल्या. नवी चेन घातल्यावर जोर लावला की दाते सुटतात, त्याचं कारण हेच. चेन स्वस्त, चकत्यांचा संच महाग. हिशेब सोपा आहे. सहा, सात आणि आठ गिअरना एकच चेन चालते, नऊच्या सायकलीला वेगळी.

मागचे गिअर घरी ट्यून करता येतात का? स्क्रूला हात लावायची भीती वाटते.

भीती योग्य आहे, कारण बहुतेक जण चुकीच्या स्क्रूपासून सुरुवात करतात. मागच्या डिरेलरवर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) एच आणि एल अशी अक्षरं असलेले दोन स्क्रू असतात. ते गिअर बदलत नाहीत. ते फक्त कुंपण आहेत : चेन बाहेरच्या बाजूला फ्रेमकडे पडू नये आणि आतल्या बाजूला स्पोकमध्ये जाऊ नये. एकदा नीट लागले की वर्षानुवर्षं हात लावायची गरज नसते. रोजच्या खटखटीचं उत्तर असतं केबल जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथल्या गोल, खाचांच्या बॅरलमध्ये.

म्हणून क्रम असा. आधी चेन आणि डिरेलरची दोन्ही चाकं पुसा. त्या चाकांवर काळ्या मळाचा थर असतो, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खरवडला की वाटोळ्या शेवेसारखा निघतो. मग सायकलीच्या मागे उभे राहून बघा, डिरेलरचा पिंजरा (ती दोन चाकं धरणारा भाग) चकत्यांना समांतर आहे का. सायकल उजव्या अंगावर पडली असेल तर तो आत वाकलेला असतो, आणि वाकलेल्या हँगरवर (डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा) कितीही स्क्रू फिरवले तरी काही होत नाही. वाकला असेल तर इथेच थांबा आणि दुकान गाठा.

सरळ असेल तर मागे सगळ्यात लहान चकतीवर चेन आणा, पायडल फिरवत एक क्लिक करा. चेन दुसऱ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर केबल सैल आहे. मागून बघताना बॅरल घड्याळाच्या उलट अर्धा फेरा फिरवा. परत लहानावर, परत एक क्लिक. दोनाऐवजी तिसऱ्याला टेकायला बघत असेल किंवा खाली यायला अडखळत असेल तर केबल जास्त ताणली आहे, घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा. दर वेळी थोडंच. आठही चकत्यांवर वर-खाली करून बघा. आवाज ऐकायला शिका : बरोबर लागलेला गिअर नुसता सरसरतो, किरकिरत नाही.

चेन मोठ्या चकतीवर चढताना नीट, लहानीवर उतरताना अडखळत, आणि बॅरलनं काहीच फरक नाही? मग केबल आतून गंजली आहे. ट्यूनिंगचा प्रश्नच नाही, केबल बदला. आपल्याकडे एका पावसाळ्यात हे होतं.

एच आणि एलला हात लावायचाच असेल तर आधी स्क्रूच्या खाचेच्या टोकाशी आणि बाजूच्या धातूवर व्हाइटनरचा एकेक ठिपका लावा. चुकलं तर ठिपके परत जुळवायचे, आपण होतो तिथे. मी वहीत लिहूनही ठेवतो, "एल, अर्धा फेरा आत", तारखेसकट. एल तपासताना सर्वांत मोठ्या चकतीवर चेन असताना डिरेलर हातानं हळूच आत ढकलून बघा. चाकाकडे सरकायला जागा असेल तर एल घड्याळाच्या दिशेनं आवळा. ही एक तपासणी केली नाही तर चढावर चेन स्पोकमध्ये जाते. मग डिरेलर, हँगर आणि दोन-चार स्पोक असा एकत्रित खर्च येतो.

पुढचा डिरेलर चेनला घासतो.

थोडा घासणारच. पुढे मोठी चकती आणि मागेही सर्वांत मोठी, अशी चेन तिरकी चालवू नका, निम्मा आवाज तिथेच जातो. उरलेल्यासाठी पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या चकतीच्या दात्यांच्या वर १ ते ३ मिमी आणि चकतीला समांतर हवी. नसेल तर केबल सोडून, पिंजरा सरकवून परत बांधावं लागतं. हे काम मला अजूनही आवडत नाही. एकदा बसलं की त्याच्याकडे बघतही नाही.

ब्रेक लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबावा लागतो.

पॅड झिजले आहेत किंवा केबल सैल झाली आहे. ब्रेकवरच्या बॅरलनं घट्ट करता येतं. बॅरल संपला तर तो परत आत घ्या आणि केबलचा बोल्ट सोडून तार ओढून बांधा. पॅडवरच्या खाचा नाहीशा झाल्या असतील तर पॅड बदलायचे, ओढाताण नको.

नवे पॅड बसवताना दोनच गोष्टी. पॅड पूर्णपणे रिमवर बसला पाहिजे. टायरला लागला तर टायर कापतो, खाली गेला तर स्पोकमध्ये शिरू शकतो. आणि पॅडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा केसभर आधी रिमला लागावं, नाहीतर पावसात गावभर ऐकू जाईल इतकं किंचाळतं. मागच्या टोकाखाली दुहेरी घडीचा कागद धरून पॅड घट्ट केला की हे आपोआप साधतं.

खरखर येत असेल तर पॅड काढून उजेडात धरा. रबरात ॲल्युमिनियमचे चमकते कण रुतलेले दिसतील. सुईनं उकरून काढा, वरून सॅंडपेपर फिरवा. ते कण तुमच्याच रिमचे आहेत.

केबल कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली, पण बसत नाही.

रोड बाइकच्या ब्रेक केबलच्या टोकाची गाठ नासपतीच्या आकाराची असते, एमटीबीची (डोंगरी सायकलीची) ढोलासारखी. दुकानात बहुतेकदा दुसरीच मिळते. जुनी तार सोबत घेऊन जा. आणि बाहेरच्या नळीची अदलाबदल कधीही करू नका. गिअरच्या नळीत तारा लांबीच्या दिशेनं सरळ असतात, ब्रेकच्या नळीत स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या. गिअरची नळी ब्रेकला लावली तर जोरात ब्रेक दाबताना ती फुटू शकते. घाटात.

चाक आउट आहे, डावी-उजवीकडे डुलतं. आउट घरी काढता येते?

थोडी असेल तर हो. चाक फिरवा आणि ब्रेकचं पॅड कुठे घासतं ते बघा. रिम उजवीकडे येत असेल तर त्या ठिकाणचा डाव्या बाजूचा स्पोक पाव फेरा आवळा, शेजारचा उजवा तेवढाच सैल करा. टायरच्या बाजूनं पाहिलं तर निपल (रिमपाशी स्पोकच्या टोकावरची नटी) घड्याळाप्रमाणे घट्ट होतं. पाव फेरा म्हणजे पाव फेराच. मी पहिल्यांदा उत्साहात अर्धा-अर्धा फेरा देत गेलो आणि तासाभरात चाकाची पुरी करून ठेवली. मेकॅनिक काका चाक हातात घेऊन फक्त हसले. पैसे मात्र पूर्ण घेतले.

स्पोक तुटला असेल तर तो शेजारच्याला गुंडाळा, ब्रेक सैल करा आणि हळू घरी या.

ब्रेक दाबला की हँडलपाशी टकटक.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटवर (हँडलखालच्या बेअरिंगवर) ठेवा. खेळ जाणवला तर आधी स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बाजूचे दोन बोल्ट सैल करा, मग वरच्या टोपीचा बोल्ट थोडासा आवळा, हँडल सरळ करा, शेवटी बाजूचे बोल्ट, आळीपाळीनं. क्रम उलटा केला तर टोपीचा बोल्ट कितीही आवळा, काहीच होत नाही, आणि आटे जातात ते वेगळंच. स्टेमच्या बोल्टना साधारण ५ न्यूटन मीटर पुरतं. टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर ॲलन कीचं लांब टोक बोल्टमध्ये घाला आणि आखूड बाजू दोन बोटांनी फिरवा, आपोआप जोर कमी लागतो.

सीट किती उंच?

टाच पायडलवर, पायडल तळाला, गुडघा सरळ. झालं. आकडाच हवा असेल तर पायाच्या आतल्या बाजूची लांबी गुणिले ०.८८३, हे अंतर पायडलच्या दांड्या ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत. ८० सेंटिमीटरला ७०.६ येतं. सीट-पोस्टवर टेपची खूण करा. आणि २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड) आदल्या रात्री सीट हलवू नका. साडेतेरा तासांत गुडघा तुम्हाला त्याची आठवण देत राहील.

पायडल निघतच नाही.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायला : पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे ढकलला तर दोन्ही पायडलं घट्ट होतात, मागच्या चाकाकडे ओढला तर सैल. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी पान्याला पाइप जोडावा लागेल.

कुठून तरी कुरकुर येते आणि सापडत नाही.

उभं राहून पायडल मारा. आवाज थांबला तर सीट किंवा सीट-पोस्ट. नाही थांबला तर पायडलचे आटे, पुढच्या चकत्यांचे बोल्ट, चाकांचे क्विक रिलीज (चाक पटकन काढायची लिव्हर), या क्रमानं. क्विक रिलीज विशेष बघा : तो नटासारखा गोल फिरवून घट्ट करायचा नसतो, लिव्हर दाबून बंद करायचा असतो, आणि बंद करताना तळहातावर त्याची खूण उमटली पाहिजे. बॉटम ब्रॅकेट (पायडलच्या आसाचं बेअरिंग) सर्वांत शेवटी. मी एकदा आठवडाभर बॉटम ब्रॅकेटवर संशय घेत होतो, नवं घ्यायच्या बेतात होतो. आवाज सीटखालच्या पिशवीतल्या ॲलन कीचा होता.

पावसाळ्यात काय?

पाऊस सायकलीचं नुकसान करत नाही, पावसानंतर तिला तशीच जिन्याखाली ठेवणं करतं. परत आल्यावर साध्या पाण्यानं रिम आणि पॅड धुवा, त्या काळ्या चिखलात वाळू असते आणि ती रिम खाते. चेन पुसा, तेल घाला. महिन्यातून एकदा सीट-पोस्ट काढून सायकल उलटी धरा. फ्रेममधून किती पाणी निघतं बघा, पहिल्यांदा मी कपभर काढलं होतं. पोस्टला ग्रीसचा पातळ थर लावून परत खुणेपर्यंत. वॉशिंग सेंटरवर मोटरसायकलबरोबर प्रेशरनं धुऊन आणू नका, पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि ग्रीस बाहेर येतं.

काय घरी करू नये?

वाकलेला हँगर, बॉटम ब्रॅकेट, चाकाची मोठी आउट, आणि फ्रेमवर दिसलेला कुठलाही तडा. स्क्रू-ऑन फ्रीव्हीलही (चाकावर आट्यांनी बसणारा मागच्या चकत्यांचा संच), हत्यार नसेल तर. आमचे मेकॅनिक काका दिवाळीनंतर निवांत असतात. मी तेव्हा सायकल नेतो, ओव्हरहॉलिंग करून घेतो, आणि स्टूल ओढून समोर बसतो. मागच्या चाकाच्या बेअरिंगचे छर्रे मोजून वाटीत टाकतात. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. मागच्या वर्षी एक सापडेना. दोघं मिळून दुकानातला केर चाळून काढला, शेवटी तो माझ्या चपलेखाली निघाला.